डिझेल इंजिनाची चाल, बिघाड आणि निगा

या पानावर आपण बहुधा बाजारभाव, कर्ज आणि हिशेब यांविषयी वाचता. आज आम्ही यंत्राविषयी लिहीत आहोत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आपल्या समाजातील अनेक घरांची चूल डिझेल इंजिनावर पेटते. कोणाची मूल-सिंदेवाहीकडे भातगिरणी आहे, कोणाची ब्रह्मपुरी-देसाईगंजकडे आटाचक्की आहे, कोणी आलापल्ली-बल्लारपूरच्या लाकडाच्या धंद्यात आहे, कोणाचा ट्रक आहे, तर कोणाचे दुकान जनरेटरवर चालते. शिवाय ही सर्व यंत्रे दुरुस्त करणारे मिस्त्री आणि फिटर यांतही आपले बांधव पुष्कळ आहेत. असे असूनही या यंत्राविषयी आपल्या भाषेत लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही. कंपनीचे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि तेही पेटीच्या तळाशी पडून असते.

डिझेल इंजिनाची सर्वांत चांगली निगा जहाजावर राखली जाते, म्हणून या लेखात आम्ही जहाजाचे उदाहरण वारंवार घेणार आहोत. वाचक विचारतील, जंगलपट्टीत जहाज कोठून आले? पण भर समुद्रात इंजिन बंद पडले तर तेथे मिस्त्री बोलावता येत नाही आणि सुटा भाग विकत मिळत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची हीच अवस्था होते. सिरोंच्याहून तर जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरहून दूर आहे. अशा ठिकाणची गिरणी म्हणजे जमिनीवर उभे असलेले जहाजच होय. म्हणून जहाजवाल्यांची शिस्त सर्वांत जास्त आपल्याच कामाची आहे.

थोडा इतिहास

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन 1897 साली आउग्सबुर्ग येथे समाधानकारक चालले. 1912 साली डेन्मार्कचे ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले आणि तेव्हापासून समुद्रावरील वाफेचे राज्य ओसरू लागले. आपल्या खेड्यांत ‘ऑइल इंजिन’ म्हणून ओळखले जाणारे, मोठ्या फ्लायव्हीलचे सावकाश चालणारे इंजिन इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या नमुन्यावरचे आहे. राजकोटच्या कारखान्यांनी ते देशभर पोहोचविले. पुण्यात 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. बल्लारशाह मार्गाने जाणाऱ्या रेल्वेगाड्यांना वर्षानुवर्षे जोडले गेलेले डब्ल्यूडीएम-2 हे 16 सिलिंडरांचे, 2600 अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच घराण्याची इंजिने जहाजांवरही बसविली गेली. जहाजाच्या इंजिनाशी आपल्या भागाची सर्वांत जवळची ओळख हीच.

जहाजांचे सर्वांत मोठे इंजिन मात्र कल्पनेपलीकडचे असते. 2006 साली ‘एमा मर्स्क’ या जहाजावर बसविलेले इंजिन 14 सिलिंडरांचे, सुमारे 2300 टन वजनाचे आणि एक लाखाहून अधिक अश्वशक्तीचे आहे. त्याच्या एका सिलिंडरचा व्यास 960 मिलिमीटर आहे. पिस्टन अडीच मीटर वर-खाली होतो आणि तरीही मिनिटाला फेरे फक्त 102. आपल्या गिरणीतील लिस्टर पद्धतीचे 6 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला 650 फेरे घेते. आकारात हत्ती-मुंगीचा फरक असला तरी दोघांचा प्राण एकाच रीतीने चालतो.

इंजिन चालते कसे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनात लागत नाही. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, त्यामुळे हवा पाचशे अंशांहून अधिक तापते. त्या क्षणी नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडते आणि तो आपोआप पेटतो. या एका वाक्यातून पुढील सर्व बिघाड समजतात. दाब कमी झाला तर हवा पुरेशी तापत नाही. फवारा जाड झाला तर थेंब अर्धवट जळतात. वेळ चुकली तर ठोके पडतात.

गिरणीचे लिस्टर इंजिन चार टप्प्यांचे असते: हवा ओढणे, दाबणे, जळणे, धूर सोडणे. जहाजाचे मोठे इंजिन दोन टप्प्यांचे असते. त्यात आणखी एक फरक आहे. सिलिंडर आणि खालचा क्रँक यांच्यामध्ये तेथे पडदा असतो, त्यामुळे वरची काजळी खालच्या तेलात उतरत नाही. सिलिंडरचे तेल वेगळे, बेअरिंगचे तेल वेगळे. आपल्या लहान इंजिनात एकच तेल दोन्ही कामे करते, म्हणून ते लवकर काळे पडते आणि म्हणूनच ते वेळेवर बदलणे येथे जास्त गरजेचे आहे.

इंजिनाच्या चार गरजा

पहिली गरज स्वच्छ डिझेल. पंपातील प्लंजर आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या दोन-तीन भागांएवढी असते. माणसाचा केस तिच्यापेक्षा वीस-पंचवीस पट जाड असतो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारी धूळही तेथे रेतीचे काम करते. जहाजावर जाड तेल तापवून, गरगर फिरणाऱ्या यंत्रातून काढून, त्यातील पाणी आणि गाळ वेगळा केला जातो, मगच ते इंजिनाला मिळते. आपल्याकडे ड्रममधून कॅनमध्ये, कॅनमधून टाकीत, तेही फाटक्या फडक्यातून गाळून! ड्रम दोन दिवस स्थिर ठेवावा, तोंड पावसापासून झाकावे, तळाचे चार बोटे डिझेल वापरू नये. टाकी रात्री भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी रात्रीच्या गारव्यात आतून घाम धरते आणि ते पाणी तळाशी साचते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे म्हणजे पंपाचे वंगण काढून घेणे होय. त्यात चार पैसे वाचतात आणि प्लंजर जातो.

आमचा धंदा कापडाचा असल्यामुळे येथे एक गोष्ट अधिकाराने सांगतो. नोझल आणि पंपाचे भाग पुसायला कारखान्यातील सुताचा गुंता किंवा जुन्या सुती लुगड्याची चिंधी वापरू नये. अशा कापडाचे तंतू सुटतात आणि नोझलच्या भोकात बसतात. हे भाग स्वच्छ डिझेलमध्ये धुवावेत आणि पुसायचेच असतील तर घट्ट विणीचे, अनेकदा धुतलेले, तंतू न सोडणारे कापड घ्यावे. डिझेल गाळायलाही विरळ मलमल चालत नाही. जाळीचे गाळणे किंवा नमद्याचा फिल्टर हवा.

दुसरी गरज स्वच्छ हवा. भातगिरणीत ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. धानाच्या तुसात सिलिका असते, म्हणजे रेतीचाच अंश. तुसाची धूळ इंजिनाने ओढली की लायनर आणि रिंगा घासल्या जातात. आरागिरणीत भुसा, कोळसा खाणींजवळ कोळशाची पूड, रस्त्यालगत मुरमाची धूळ, प्रत्येक ठिकाणचा शत्रू वेगळा आहे. उपाय सोपा आहे. हवेची नळी भिंतीबाहेर, धूळ नसलेल्या बाजूला, उंचावर काढावी आणि हंगामात फिल्टर रोज पाहावा. जहाजावर तर हवा भरणाऱ्या टर्बोचार्जरची काजळी काढण्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा चुरा आत सोडतात, इंजिन चालू असतानाच!

तिसरी गरज योग्य पाणी. जहाज समुद्रात असूनही इंजिनाच्या अंगात खारे पाणी घालत नाही. समुद्राचे पाणी उकळून गोडे पाणी बनवितात, त्यात गंज रोखणारे औषध घालतात आणि तेच फिरवितात. राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडक आहे, त्यामुळे विहीर-बोअरचे पाणी जड. हे पाणी सिलिंडरभोवती क्षाराचा थर धरते. थर उष्णता अडवितो, इंजिन तापते आणि शेवटी हेड तडकते. गडचिरोलीत पाऊस भरपूर पडतो. पहिल्या पावसात छप्पर धुऊन गेल्यावर पन्हळीचे पाणी टाक्यात साठवावे आणि तेच इंजिनाला वापरावे. पैसा लागत नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मात्र कधीही ओतू नये.

चौथी गरज चांगले वंगण तेल. तेलाची पातळी रोज पाहावी. नवे तेल ‘घालणे’ आणि जुने ‘बदलणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. अनेक लहान इंजिनांत 250 तासांनी तेल बदलण्यास सांगितलेले असते. आपल्या कंपनीचा आकडा पाहून घ्यावा. तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे, पातळ होऊन डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंप गळत आहे. दोन्ही वेळी इंजिन चालविणे थांबवावे. काढलेले काळे तेल नाल्यात वा मामा तलावात ओतू नये. त्या पाण्यावर माणसे, गुरे आणि मासे जगतात.

सुरू करताना आणि बंद करताना

जहाजाचे इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा छोटा नळ उघडून ते सावकाश फिरवितात. आत पाणी झिरपले असेल तर नळातून बाहेर उडते. पाणी दाबले जात नाही. ते आत असताना जोराने चालू केले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात सायलेन्सरच्या उघड्या नळीतून पाणी शिरते. म्हणून नळीवर टोपी बसवावी आणि बंद राहिलेले इंजिन डिकंप्रेशन लिव्हर उचलून हँडलने आधी दोन-चार फेरे सावकाश फिरवावे. सुरू झाल्यावर लगेच पट्टा चढवू नये, काही मिनिटे मोकळे चालू द्यावे. बंद करतानाही भार काढून तीन-चार मिनिटे चालवावे, म्हणजे आतील उष्णता निघून जाते.

दुकानातील जनरेटरविषयी एक वेगळी सूचना. मोठा जनरेटर घेऊन त्यावर चार दिवे आणि दोन पंखे चालविणे हे काटकसरीचे नाही. भार फार कमी असला की इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धे जळते, लायनर गुळगुळीत होतो आणि नळीतून काळे ओले तेल गळते. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी भारावर तासन्‌तास चालवू नये. खरेदीपूर्वीच भाराचा हिशेब करावा.

धूर बोलतो, आवाज बोलतो

हकीम नाडी पाहतो, तसा उस्ताद मिस्त्री धूर पाहतो.

काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. भार जास्त, फिल्टर तुंबलेला, किंवा नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकत आहे. प्रथम भार कमी करावा, मग फिल्टर पाहावा, शेवटी नोझल काढावे.

पांढरा धूर: डिझेल न जळता बाहेर पडत आहे. थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर दाब कमी, वेळ उशिरा, किंवा डिझेलमध्ये अथवा सिलिंडरमध्ये पाणी.

निळा धूर: वंगण तेल जळत आहे. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्हच्या गाइड ढिल्या झाल्या, किंवा तेल पातळीपेक्षा जास्त भरले.

इंजिन सुरूच न होणे: डिझेल आहे काय, नळीत हवा भरली आहे काय, दाब येतो काय, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. लिव्हर खाली असताना हँडल अगदी सहज फिरले तर दाब नाही. व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेडचे पॅकिंग पाहावे.

वेग वर-खाली होणे: डिझेलमध्ये हवा, गव्हर्नरचा सांधा अडकलेला किंवा स्प्रिंग थकलेली.

ठोका: खणखणीत ठोका बहुधा डिझेलच्या वेळेचा किंवा नोझलचा असतो. खोल, जड ठोका बेअरिंगचा असतो. तो ऐकताच इंजिन बंद करावे. एका बेअरिंगचा खर्च टाळण्यासाठी चालविलेले इंजिन क्रँक घेऊन बसते.

जिवाची किंमत

इंजिन बिघडले तर पैसा जातो. पुढील गोष्टींत माणूस जातो.

1947 च्या सप्टेंबरात ‘रीना देल पॅसिफिको’ या ब्रिटिश जहाजाच्या चाचणी-प्रवासात इंजिनाच्या क्रँकपेटीत स्फोट झाला आणि 28 माणसे मृत्युमुखी पडली. तापलेल्या पिस्टनमुळे आतील तेलाची वाफ पेटली होती. तेव्हापासून जहाजांवरचा धडा ठरला आहे: इंजिन भलतेच तापले तर थांबवा, दूर राहा, थंड होईपर्यंत क्रँकपेटीचे झाकण उघडू नका. झाकण उघडताच ताजी हवा आत जाते. गिरणीतील मिस्त्रीनेही हाच नियम पाळावा.

बंद खोलीत जनरेटर कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. नोझलचा फवारा तपासताना समोर हात धरू नये. तो कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच वेळी इस्पितळ गाठावे. पट्ट्याजवळ लुंगी, ओढणी, गळ्यातील रुमाल, सैल बाही नको. अंगात बेताचे सुती कपडे असावेत. नायलॉन-पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते.

सर्वांत मोठी जबाबदारी जनरेटरवाल्यांची. चेंजओव्हर स्विच न बसविता जनरेटर घरच्या तारांना जोडला तर वीज उलटी खांबावर जाते. लाइन बंद आहे असे समजून वर चढलेला वायरमन त्यात प्राण गमावू शकतो. आपल्या दोन-चार हजारांच्या बचतीसाठी दुसऱ्याच्या मुलांना यतीम करणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, ना दुनियेच्या, ना आखिरतच्या.

सर्वांत स्वस्त अवजार: रजिस्टर

जहाजावर पाळ्या लागलेल्या असतात. ठरलेल्या वेळी तापमान, दाब, तेल यांचे आकडे नोंदले जातात. पिस्टन कधी उघडायचा हे तासांवरून आणि मोजमापावरून ठरते, इंजिन बंद पडण्याची वाट पाहून नव्हे. म्हणूनच तेथील एक पिस्टन हजारो तास बिनतक्रार चालतो.

आपणही शंभर पानी वही घ्यावी. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. रकाने सहा: तारीख, किती तास चालले, डिझेल किती, तेल किती घातले, धुराचा रंग, काय काम केले. भातगिरणीवाल्यांनी सातवा रकाना करावा: किती क्विंटल धान भरडले. महिन्याच्या शेवटी लिटरमागे किती क्विंटल निघाले ते पाहावे.

हिशेब असा. चांगले इंजिन पूर्ण भारावर एका अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटर डिझेल घेते. समजा 10 अश्वशक्तीचे इंजिन तासाला अडीच लिटर घेत होते आणि आता तीन घेते. रोज आठ तास चालले तर चार लिटर जास्त गेले. साठ दिवसांच्या हंगामात 240 लिटर. आजच्या दराने गुणून पाहा, नोझल आणि फिल्टरचे काम त्यापुढे किरकोळ ठरेल. वही नसेल तर हे नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. वर भर धानाच्या दिवसांत इंजिन बसले की गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीत जाते आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक सहज परतत नाही.

दिवाळीआधी, हंगाम सुरू होण्यापूर्वी, एकदा हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत, नोझल तपासावे, पाण्याची वाट साफ करावी. एक नोझल, हेडचे पॅकिंग, रिंगांचा संच, फिल्टर आणि पट्टा जवळ ठेवावा. दूरच्या तालुक्यात हे सामान कपाटात असणे म्हणजे जहाजाच्या कोठारात असणे होय.

मिस्त्रींच्या मुलांसाठी

आपले मिस्त्री हाताने शिकले, उस्तादाच्या मारानेही शिकले. त्यांच्या हातातील इल्म मोठा आहे, पण कागद नसल्यामुळे त्यांची मुले गॅरेजच्या उंबरठ्यावर अडतात. आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केलेल्या मुलाला खाणी, सिमेंट कारखाने आणि वाहन कंपन्यांत अर्ज करता येतो. समुद्राची ओढ असेल तर दहावीनंतर जहाजावरील कामासाठी जी.पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. कोकणातील आपल्या बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या सारंग आणि तेलवाले म्हणून जहाजे चालविली, मग चंद्रपूरच्या मुलाने का जाऊ नये? मात्र सावध राहावे. संस्थेला आणि भरती करणाऱ्या एजंटाला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे काय, हे आधी तपासावे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची एजंटाला परवानगी नाही. जो मागतो त्याच्यापासून दूर राहावे.

इंजिन ही अमानत आहे. मालकाच्या भांडवलाची, मजुराच्या रोजीची आणि धान घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या भरवशाची. रोज दहा मिनिटे आणि वहीत एक ओळ, एवढेच ते मागते. येत्या हंगामापूर्वी ही वही आपल्या गिरणीच्या भिंतीला टांगलेली असावी, एवढी आमची वाचकांना विनंती आहे.